मैत्रीभावना करताना राग वाढतो, असं का?

प्रश्न : ऑफिसातल्या एकाने माझ्या कामाचं श्रेय लाटलं. दोन आठवडे रोज वीस मिनिटं डोळे मिटून ‘तो सुखी होवो’ म्हणते आहे. राग उलट वाढतोय. काय चुकतंय? – एक वाचक, नाशिक

उत्तर : क्रम चुकतोय. मैत्रीभावना म्हणजे सगळ्यांचं भलं व्हावं, ही भावना मनात वाढवण्याचं बौद्ध ध्यान. पाचव्या शतकात श्रीलंकेतल्या अनुराधपुरात बौद्ध भिक्खू बुद्धघोषांनी रचलेल्या ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथाच्या नवव्या प्रकरणात स्पष्ट सांगितलंय की वैऱ्यापासून सुरुवात करू नये, कारण त्याची आठवण येताच द्वेष उठतो. दोन आठवडे तुम्ही रोज त्या द्वेषालाच खतपाणी घातलंत.

आधी स्वतः, मग गुरुस्थानी असलेली आदरणीय व्यक्ती, मग जिवलग, मग ज्याच्याबद्दल ना प्रेम ना राग असा कुणी (रोजचा दूधवाला चालेल), आणि सगळ्यांत शेवटी तो सहकारी. एका टप्प्यावर मन मऊ झाल्याशिवाय पुढे सरकायचं नाही. सुरुवातीला वीसपैकी पंधरा मिनिटं पहिल्या दोन टप्प्यांना द्या. तो माणूस महिनाभर आला नाही तरी बिघडत नाही. आदरणीय व्यक्ती हयात असावी. दिवंगत आजी किंवा गुरुजी निवडणं साहजिक आहे, पण मृत व्यक्तीवर ही भावना साधत नाही, असं ग्रंथ बजावतो.

त्या सहकाऱ्यापाशी पोचल्यावर राग उसळला, तर रेटू नका. जिवलगाकडे परता, मन निवलं की पुन्हा या. तरीही जमेना, तर त्याच्या वागण्या-बोलण्यातली एखादी तरी चांगली गोष्ट शोधा. किंवा स्वतःला विचारा : राग नेमका कशावर आहे, त्याच्या केसांवर? नखांवर? दातांवर? खोलात गेलं की रागाला टेकायला जागा सापडत नाही. सगळं थकल्यावरचा उपाय मला फार मोलाचा वाटतो : त्याला काहीतरी द्या, त्याचं काही घ्या. जेवताना आपला डबा पुढे करा.

प्रश्न : म्हणजे अन्याय गिळायचा का? – तीच वाचक

उत्तर : मुळीच नाही. दुसऱ्याची चूक दाखवण्याआधी पाच गोष्टी तपासाव्यात, असं बुद्धांचे शिष्य सारिपुत्त ‘अंगुत्तर निकाय’ या पाली सुत्तसंग्रहात सांगतात : वेळ योग्य आहे का, बोलणं खरं आहे का, शब्द मृदू आहेत का, त्यात हित आहे का, मनात मैत्री आहे का. बहुतेकांचं पहिल्यातच फसतं. भर मीटिंगमध्ये विषय काढला की समोरचा फक्त स्वतःचा बचाव करतो. एकट्याला गाठा. कोणतं काम, कोणत्या तारखेला, कोणी केलं, एवढंच सांगा. ‘तुम्ही नेहमी असंच करता’ हे वाक्य टाळा. त्यातला ‘नेहमी’ खरेपणाच्या कसोटीला उतरत नाही.