वाचक विचारतात : नगरपालिकेवर ब्लॉग लिहायचाय

आपल्या गावच्या राजकारणावर स्वतंत्रपणे लिहिणाऱ्यांकडून आलेल्या प्रश्नांपैकी काही प्रश्न या अंकात घेतले आहेत. नावं वाचकांच्या विनंतीवरून दिलेली नाहीत.

आमच्या तालुक्याच्या गावी दोन साप्ताहिकं आहेत. दोन्ही जाहिरातींवर चालतात, त्यामुळे पुढाऱ्यांच्या वाढदिवसांपलीकडे त्यांत काही नसतं. मला राजकीय ब्लॉग सुरू करायचाय. पण ‘आता ब्लॉग वाचतं कोण?’ असं जो तो म्हणतो. — एक वाचक, सोलापूर जिल्हा

म्हणणाऱ्यांचं अर्धं खरं आहे. युनिकोड रुळलं, फुकट जागा मिळू लागली, तसे मराठीत पोत्याने ब्लॉग निघाले. मग लिहिणारे फेसबुकवर गेले. १ जुलै २०१३ ला गूगल रीडर बंद पडला आणि नवं काय आलंय ते रोज एका जागी पाहायची सवयही मोडली. आता चर्चा व्हॉट्सअॅप गटांत होते, भाषणबाजी यूट्यूबवर. रोज सकाळी ब्लॉग उघडून बसणारा वाचक परत येईल या आशेवर राहू नका.

पण फेसबुकवर तीन वर्षांपूर्वी लिहिलेलं आज स्वतः लिहिणाऱ्यालाही सापडत नाही. ब्लॉगचं तसं नाही. कुणी गूगलवर गावाचं नाव आणि ‘पाणीपुरवठा योजना निविदा’ असं टाकलं की तुमचा मजकूर वर येतो, कारण त्या विषयावर दुसऱ्या कुणी लिहिलेलंच नसतं. म्हणून सगळा मजकूर ब्लॉगवर ठेवा आणि व्हॉट्सअॅपवर फक्त दोन ओळी आणि दुवा पाठवा. वाचक शे-दीडशे मिळाले तरी हरकत नाही. त्यांत मुख्याधिकारी, चार नगरसेवक आणि दोन ठेकेदार असले की काम भागलं.

दिल्ली-मुंबईच्या राजकारणावर मत देणारे पैशाला पासरी आहेत, त्या वाटेला जाऊ नका. एक संस्था पकडा : नगरपरिषद, बाजार समिती किंवा सहकारी कारखाना. मग तिच्या वेळापत्रकाने लिहा. नगरपरिषद असेल तर फेब्रुवारी-मार्चमध्ये अंदाजपत्रक, वर्षभर सर्वसाधारण सभांची विषयपत्रिका आणि इतिवृत्त, आणि स्थानिक निधी लेखापरीक्षेचा अहवाल. हा शेवटचा कागद बहुतेक नगरसेवकसुद्धा उघडत नाहीत. त्यात आक्षेपांची यादी असते, आक्षेपाधीन आणि वसूलपात्र रकमा असतात, आणि तेच ते आक्षेप वर्षानुवर्षं ‘अनुपालन अप्राप्त’, म्हणजे पूर्तता कळवलेलीच नाही, म्हणून पडलेले दिसतात. नुसत्या त्या यादीवर सहा महिने लिहिता येईल.

रस्ता सहा महिन्यांत उखडला. माहिती अधिकारात विचारलं, ‘रस्ता का उखडला आणि त्याला जबाबदार कोण?’ उत्तर आलं, ‘मागितलेली माहिती व्याख्येत बसत नाही.’ हे टोलवणं नाही का? — एक वाचक, लातूर

टोलवणं आहेच, पण संधी तुमच्या अर्जाने दिली. कायद्याच्या कलम २(च) नुसार ‘माहिती’ म्हणजे कार्यालयाकडे कुठल्याही रूपात आधीच असलेला मजकूर. ‘का’ आणि ‘कोण जबाबदार’ यांची उत्तरं अधिकाऱ्याने नव्याने तयार करून द्यावीत, असं बंधन त्याच्यावर नाही. तेव्हा प्रश्न विचारूच नका, कागद मागा. कारण काय आणि जबाबदार कोण, ते कागदांवरून तुम्ही लिहायचं.

रस्त्याच्या कामासाठी हे कागद पुरतात : प्रशासकीय आणि तांत्रिक मान्यता, अंदाजपत्रक, निविदांचा तुलनात्मक तक्ता, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची त्या कामाची पानं, त्रयस्थ तपासणी अहवाल आणि अंतिम देयक. ‘प्रमाणित प्रती मिळाव्यात’ असं लिहा. कामाचं नाव कार्यारंभ आदेशात असेल तसंच टाका. ‘शिवाजी चौकातला रस्ता’ म्हटलं की ‘असे काम आढळून येत नाही’ हे उत्तर ठरलेलं. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर हवा. दोन रस्ते असतील तर दोन अर्ज करा. ‘गेल्या दहा वर्षांतली सर्व कामं’ असलं काही मागू नका, ‘माहिती विस्तृत आहे, निरीक्षणास यावे’ असं पत्र हाती पडेल. अर्जावर १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावा आणि पोच घ्या. प्रतींचा दर पानाला २ रुपये.

उत्तराची मुदत ३० दिवस. ती उलटून गेल्यावर दिलेली माहिती कलम ७(६) प्रमाणे फुकट द्यावी लागते. कार्यालयं तरीही पैसे भरायला सांगतात, तेव्हा कलमाचा आकडा लिहून पत्र द्या. उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं तर ३० दिवसांत पहिलं अपील करा, त्याला २० रुपयांचं तिकीट लागतं. त्यावर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील. तिथे तुंबलेली प्रकरणं इतकी आहेत की तारखेची वाट पाहत लेख अडवून ठेवण्यात अर्थ नाही. अपील टाका आणि ‘अमुक तारखेला मागितलेला कागद अद्याप दिलेला नाही’ हीच बातमी करा.

कामाचं अचूक नाव माहीत नसेल तर त्याहून सोपा रस्ता आहे. २६ नोव्हेंबर २०१८ च्या शासन निर्णयानुसार जिल्हास्तरीय कार्यालयांत आणि नगरपालिका, महापालिका, जिल्हा परिषदांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख पाहायला खुले असतात. कारकुनाला बऱ्याचदा हे ठाऊक नसतं, म्हणून शासन निर्णयाची छापील प्रत सोबत न्या. नोंदवही पाहून कामांची नावं आणि आदेश क्रमांक उतरवून घ्या आणि मग अर्ज करा.

या सगळ्यांत बोलका कागद म्हणजे मोजमाप पुस्तिका, ‘एमबी’ : झालेल्या कामाची मापं यात नोंदतात आणि त्यावरून देयक निघतं. समजा, काँक्रीट रस्त्याची नोंद २०० मीटर लांब, ३.५ मीटर रुंद, ०.१५ मीटर जाड अशी आहे. म्हणजे १०५ घनमीटर. टेप घेऊन जा, दर २० मीटरवर रुंदी मोजा. ती ३ मीटर भरली तर काँक्रीट झालं ९० घनमीटर आणि १५ घनमीटरचे पैसे कागदावरच गेले. जाडी मात्र रस्ता फोडल्याशिवाय मधून मोजता येत नाही. कडेला दिसणारी जाडी फसवते, कारण कड मुद्दाम जाड ओतलेली असते. त्यामुळे रुंदीबद्दल छातीठोक लिहा आणि जाडीबद्दल त्रयस्थ अहवालात जे असेल तेवढंच.

दोन खुणा आणखी. एकच रस्ता ‘भाग १’, ‘भाग २’ असा तोडून प्रत्येक तुकडा ई-निविदेच्या मर्यादेखाली, म्हणजे ऑनलाइन निविदा सक्तीची होते त्या रकमेच्या खाली, ठेवलाय का, ते पाहा. आणि नगरपरिषद अधिनियम १९६५ च्या कलम ५८(२) खाली, म्हणजे अध्यक्षांच्या तातडीच्या अधिकारात, किती कामं झाली ते मोजा. गटार तुंबलं ही तातडी समजू शकते, स्वागत कमान ही कसली?

व्हॉट्सअॅपवर शासन निर्णय फिरतात. खरा कुठला, कसं ओळखायचं? — एक वाचक, नाशिक

खऱ्या शासन निर्णयाच्या शेवटी संगणक संकेतांक असतो आणि त्यातले सुरुवातीचे आठ आकडे म्हणजे वर्ष, महिना, दिवस. शासनाच्या शासन निर्णयांच्या संकेतस्थळावर तो टाकून बघा. सापडला नाही तर त्यावर लिहू नका. सापडला तर लेखात विभाग, दिनांक आणि संकेतांक तिन्ही द्या.

एका नगरसेवकाच्या वकिलाची नोटीस आली आहे : सात दिवसांत लेख काढा, माफी मागा, नाहीतर अब्रूनुकसानीचा दावा. लेख काढून टाकू का? — एक वाचक, सांगली

लगेच काढू नका आणि नगरसेवकाला फोनही करू नका. नोटीस म्हणजे खटला नव्हे. आधी लेख आहे त्या स्थितीत पीडीएफ करून ठेवा. मग एकेक वाक्य घेऊन बसा आणि समोर लिहा : हे विधान आहे की मत? विधान असेल तर कुठल्या कागदाच्या कुठल्या पानावरून? ‘देयक १०५ घनमीटरचं, प्रत्यक्षात रुंदी ३ मीटर’ हे टिकतं. ‘पैसे खाल्ले’ हे टिकवायला वेगळा पुरावा लागतो, आणि तो बहुधा नसतो. असं वाक्य सापडलं तर दुरुस्त करा आणि लेखाच्या माथ्यावर तारखेसह दुरुस्ती नोंदवा. गुपचूप बदललेला मजकूर कोर्टात उलटतो, कारण जुन्या लेखाचे स्क्रीनशॉट समोरच्याकडे असतातच. नोटिशीचं उत्तर वकिलामार्फत मुदतीत द्या.

दिवाणी दाव्यात विधान खरं असणं हा पुरेसा बचाव आहे. दावा लेख प्रसिद्ध झाल्यापासून वर्षाच्या आत लावावा लागतो. फौजदारीत, म्हणजे १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये, खरेपणाला ‘लोकहितासाठी’ ही जोड लागते. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड किंवा समाजसेवा. मात्र हा अदखलपात्र गुन्हा आहे, म्हणजे कोर्टाच्या परवानगीशिवाय पोलीस तपास किंवा अटक करू शकत नाहीत. पोलीस ठाण्यातून फोन आला म्हणून घाबरू नका, तक्रार दंडाधिकाऱ्यांपुढेच करावी लागते आणि दखल घेण्याआधी तुमचं म्हणणं ऐकावं लागतं. आणखी एक : नगरसेवक व्यक्ती म्हणून दावा लावू शकतो, नगरपरिषद लावू शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ च्या राजगोपाल निकालातच शासन आणि स्थानिक संस्थांना ही वाट बंद केली.

खरी जपायची कलमं दुसरी आहेत : समाजगटांत तेढ लावण्याचं १९६ आणि तेढ पसरवणाऱ्या अफवांबद्दलचं ३५३(२). ती दखलपात्र आहेत. पालघरमध्ये २०१२ साली एका फेसबुक पोस्टवरून दोन तरुणींना अटक झाली, त्यातून पेटलेल्या प्रकरणात माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ऑनलाइन ‘आक्षेपार्ह’ मजकुराबद्दलचं कलम ६६अ २४ मार्च २०१५ ला रद्द झालं. ते गेलं, ही आहेत. ठेकेदाराची जात, नगरसेवकाचा धर्म यांचा कामाशी संबंध नसेल तर उल्लेख नको. वाचकांच्या प्रतिक्रियाही तपासल्याशिवाय छापू नका, भडक वाक्य तिथूनच येतं.

ब्लॉगची नोंदणी लागते का? आमच्याकडे एक जण तीन हजारांत ‘प्रेस कार्ड’ देतो. — एक वाचक, जळगाव

तीन हजार वाचवा. २०२३ चा वृत्तपत्र नोंदणी कायदा छापील नियतकालिकांपुरता आहे, ब्लॉगला नोंदणी क्रमांक लागत नाही. विकत घेतलेलं कार्ड सभागृहाच्या दारावर चालत नाही, आणि भांडण झालंच तर तोतयेगिरीचा आरोप मात्र गळ्यात पडतो. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत डिजिटल बातम्यांच्या प्रकाशकांसाठी आचारसंहिता आहे. तिची सक्ती करणारे ९(१) आणि ९(३) हे उपनियम मुंबई उच्च न्यायालयाने १४ ऑगस्ट २०२१ ला स्थगित केले. सरकारच्या ‘फॅक्ट चेक’ विभागाची २०२३ ची तरतूदही याच न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये घटनाबाह्य ठरवली. तरीही ब्लॉगवर तक्रारीसाठी एक ईमेल पत्ता ठेवा आणि आलेल्या तक्रारीला पंधरा दिवसांत उत्तर द्या. कुणी कोर्टात गेलंच तर तो पत्रव्यवहार तुमच्या बाजूने बोलतो.

मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. टोपणनावाने लिहिलं तर चालेल? — नाव-गाव नको

नको. नोकरीचे वर्तणूक नियम टोपणनावालाही लागू होतात, आणि जुलै २०२५ मध्ये राज्य शासनाने समाजमाध्यमांबद्दलचे निर्बंध आणखी आवळले. तपासात इंटरनेट किंवा ब्लॉग सेवा देणाऱ्या कंपनीकडून खातेदाराचं नाव मिळवता येतं. शाळेच्या गावात तर त्याचीही गरज पडत नाही, लिहिण्याच्या ढंगावरून माणूस ओळखला जातो.

माहिती अधिकारातले कागद ब्लॉगवर कसे ठेवू? आणि ब्लॉग बंद पाडला तर? — एक वाचक, पणजी

स्वतःचं डोमेन घ्या, वर्षाला काहीशे रुपये लागतात. उद्या जागा बदलली तरी पत्ता तोच राहतो. महिन्यातून एकदा प्रत उतरवा, पण लक्षात ठेवा की ब्लॉगर किंवा वर्डप्रेसच्या एक्सएमएल फाइलीत मजकूर येतो, चित्रं येत नाहीत. ती वेगळी साठवा. प्रत्येक लेख प्रसिद्ध होताच इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये जतन करा.

ब्लॉगरवर पीडीएफ थेट चढत नाही, म्हणून बरेच जण गूगल ड्राइव्हचा दुवा देतात. त्यात मालकाचं नाव दिसू शकतं, तेव्हा त्यासाठी वेगळं खातं उघडा. कागद ३०० डीपीआयवर स्कॅन करा. जावक क्रमांक आणि प्रमाणित प्रतीचा शिक्का कापला जाऊ देऊ नका, कागदाची किंमत त्यातच आहे. आधार क्रमांक, मोबाइल, बँक खातं, घरचा पत्ता झाका. मात्र पीडीएफवर काळी पट्टी ओढून झाकू नका. पट्टीखालचा मजकूर निवडून कॉपी केला की जसाच्या तसा बाहेर येतो. पट्टी मारलेलं पान छापा आणि पुन्हा स्कॅन करा, किंवा पानाची प्रतिमा करून ती चढवा. चढवल्यावर दुसऱ्याच्या फोनवरून उघडून, झाकलेल्या जागी बोट दाबून काही निवडलं जातंय का ते बघा.