आजोबांचा राग नातवात उतरतो का?

वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरं

प्रश्न : नातू सात वर्षांचा आहे. मनासारखं झालं नाही की वस्तू फेकतो, दार आपटतो. आमच्या ह्यांचा रागही अस्साच होता. मी म्हणते रक्तातच आहे. सून म्हणते, तुम्ही लाडाने बिघडवलंत. खरं कोणाचं?
– एक आजी, गिरगाव

उत्तर : आजी, पटकन भडकण्याचा कल वंशातून येऊ शकतो, दार आपटण्याची सवय मात्र घरात तयार होते. या दोन गोष्टी वेगळ्या धरल्यात तर तुमचा आणि सूनबाईंचा निम्मा वाद तिथेच मिटेल.

आधी कलाबद्दल. तो मोजण्याची जुनी रीत जुळ्यांची. एकाच फलित बीजांडातून झालेल्या हुबेहूब जुळ्यांची जनुकं जवळपास पूर्ण सारखी असतात. वेगवेगळ्या बीजांडांतली जुळी मात्र साध्या भावंडांइतकीच जवळची, म्हणजे सरासरी निम्मी. समजा, एखाद्या गुणात हुबेहूब जुळ्यांमधलं साम्य (० म्हणजे काहीच नाही, १ म्हणजे तंतोतंत) ०.५० आणि दुसऱ्या जुळ्यांमधलं ०.२५ निघालं, तर या फरकाची दुप्पट, म्हणजे ०.५०, इतका वाटा ढोबळमानाने आनुवंशिकतेचा धरतात. २०१५ साली अशा पन्नास वर्षांतल्या २,७४८ शोधनिबंधांची एकत्र मोजदाद झाली. त्यांत १७,८०४ गुणधर्म होते आणि आनुवंशिकतेच्या वाट्याची सरासरी आली ४९ टक्के. स्वभावाचे आकडेही साधारण याच आसपास येतात.

गफलत होते ती हा आकडा वाचताना. त्याचा अर्थ नातवाचा अर्धा राग आजोबांचा आणि अर्धा घरचा, असा नाही. एका समाजातली माणसं एकमेकांहून वेगळी का, त्या फरकाचा तो हिशेब आहे. एकट्या मुलाची अशी वाटणी करता येत नाही. शिवाय जनुकात आहे म्हणजे अटळ आहे, हेही खरं नाही. फिनाइलकीटोन्युरिया हा आजार निव्वळ जनुकातल्या दोषाने होतो. प्रथिनांतला फिनाइलॅलनीन हा घटक शरीराला नीट पचवता येत नाही, तो साठतो आणि मेंदूला इजा करतो. पण जन्मानंतर पहिल्या काही दिवसांतच निदान होऊन तो घटक मोजून-मापून देणारा आहार सुरू केला आणि पुढेही चालू ठेवला, तर ती इजा टळते. दोष शंभर टक्के आनुवंशिक, उपाय स्वयंपाकघरात.

आता सवय. बहुतेक घरांत चित्र असं असतं : जेवताना मोबाइल काढून घेतला, मुलगा ओरडला. आई ‘नाही’ म्हणाली, त्याने ताट ढकललं. आमटी सांडली, शेजारी ऐकतील म्हणून आजीने मोबाइल हातात दिला. मुलगा शिकला की ताट ढकललं की काम होतं. आजीही शिकली की मोबाइल दिला की आवाज थांबतो. दोघांनाही बक्षीस मिळालं, म्हणून उद्या हेच पुन्हा होणार. तापट कलाच्या मुलाच्या घरी ही साखळी जास्त वेळा फिरते, कारण तो मोठ्यांना लवकर जेरीला आणतो. रक्त आणि संस्कार असे एकमेकांत गुंततात.

तोडायची कशी? नियम एकच निवडा, सगळे एकदम नकोत. ‘जेवताना मोबाइल नाही’ हा चालेल, पण तो आई, बाबा, आजी आणि रविवारी येणारी आत्या, सगळ्यांचा सारखा हवा. मोबाइल घेण्याच्या पाच मिनिटं आधी सांगा, मग आणखी एकदा, मग हात पुढे करा. भडका उडालाच तर समजावत बसू नका. फुटणाऱ्या वस्तू बाजूला करा, जवळ थांबा, कमी बोला. शांत झाल्यावर काय झालं ते दोन वाक्यांत बोला. ज्या दिवशी कुरकुरत का होईना पण त्याने मोबाइल दिला, त्या दिवशी तेवढ्याचं नाव घेऊन कौतुक करा. एक सांगून ठेवतो : सुरुवातीचे काही दिवस राग वाढतो. नेहमीचं नाणं का चालत नाही, हे तो जोर लावून पाहत असतो. बरीच घरं इथेच हार मानतात, आणि चौथ्या दिवशी मोबाइल दिला तर तो चार दिवस टिकून ओरडायला शिकतो. त्यापेक्षा सुरुवात न केलेली बरी.

‘अगदी आजोबांवर गेलाय’ हे त्याच्यासमोर म्हणणं आजपासून बंद. स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करत असेल, किंवा शाळेतूनही तक्रारी येत असतील, तर वाट पाहू नका. केईएम, नायर आणि सायन या महापालिकेच्या रुग्णालयांत मनोविकार विभाग आहेत.

प्रश्न : दोन्ही मुलगे एकाच घरात, एकाच शाळेत. थोरला पाहुण्यांशी गप्पा मारतो, धाकटा पाचव्या वर्षीही माझ्या ओढणीमागे लपतो. आमचं काय चुकलं?
– एक आई, मुलुंड

उत्तर : काहीच चुकलेलं नसण्याची शक्यता जास्त. जुळी आणि दत्तक मुलं यांच्या अभ्यासांतून आलेला सगळ्यांत अनपेक्षित निष्कर्ष हाच : एका छताखाली वाढल्यामुळे भावंडं स्वभावाने फारशी सारखी होत नाहीत. रक्ताचं नातं नसलेली, पण एकाच घरात वाढलेली मुलं मोठेपणी स्वभावात परक्यांइतकीच वेगळी निघतात. उरलेला फरक ज्याच्या त्याच्या वाट्याला आलेल्या गोष्टींचा असतो : बाकावरचा मित्र, एखादं आजारपण, शाळेतल्या एखाद्या बाई, निव्वळ योगायोग.

न्यूयॉर्कमध्ये १९५६ पासून अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या डॉक्टर दांपत्याने तान्ह्या मुलांचा मोठेपणापर्यंत मागोवा घेतला. साधारण १५ टक्के मुलं त्यांना ‘हळूहळू खुलणारी’ आढळली. मूल कसं आहे यापेक्षा त्याचा स्वभाव आणि घराची अपेक्षा यांचं जमतं का, याला त्यांनी महत्त्व दिलं. आम्हालाही तेच पटतं.

धाकट्यासाठी करायचं ते इतकंच. बारशाला किंवा लग्नाला हॉल भरल्यावर जाऊ नका. अर्धा तास आधी पोहोचा, म्हणजे माणसं एकेक करून त्याच्यासमोर येतील. सोसायटीच्या गणपतीत एकदम स्टेजवर ढकलू नका. आधी आरतीत टाळ हातात द्या, मग प्रसादाची ताटली फिरवायला द्या. हातात काम असलं की लपायची गरज कमी होते. ‘नमस्कार कर, काकांना नाव सांग’ असा आग्रह त्याला आणखी मागे ढकलतो. पण उलटं टोकही टाळा : तो घाबरतो म्हणून बाहेर नेणंच सोडलं तर भीती पक्की होते. थोडं थोडं, वारंवार. शाळेत मात्र महिनोन्‌महिने एक शब्दही बोलत नसेल आणि घरी पोपटासारखा बोलत असेल, तर बालमानसतज्ज्ञांना दाखवा.

प्रश्न : आम्ही मूल दत्तक घेतोय. नातेवाईक म्हणतात, ‘कुणाचं रक्त कोण जाणे, खाण तशी माती.’ किती घाबरावं?
– एक जोडपं, बोरिवली

उत्तर : म्हणीला घाबरू नका, पण मुलाचे पहिले महिने कसे गेले हे जरूर विचारा. रोमानियातल्या बुखारेस्ट शहरातल्या अनाथालयांतल्या १३६ मुलांवर या शतकाच्या सुरुवातीला एक अभ्यास सुरू झाला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निम्मी मुलं पालक-कुटुंबांत गेली, बाकीची नेहमीच्या व्यवस्थेत राहिली. कुटुंबात गेलेल्यांची बुद्धी आणि जिव्हाळा जास्त सावरला, आणि दोन वर्षांच्या आत गेलेल्यांचा त्याहून चांगला. रक्त बदललं नव्हतं, मांडी बदलली होती.

आपल्याकडे केंद्रीय दत्तक प्राधिकरणाच्या पोर्टलवर मुलाचा अभ्यास-अहवाल आणि वैद्यकीय अहवाल दाखवतात आणि ४८ तासांत मूल राखून ठेवायचं असतं. म्हणून ओळखीचे बालरोगतज्ज्ञ आधीच ठरवून ठेवा. अहवाल हाती आल्यावर डॉक्टर शोधायला निघाल तर वेळ हातची जाईल. जन्माचं वजन, डोक्याचा घेर, श्रवण, आणि संस्थेत किती महिने गेले, हे त्यांना वाचायला लावा. संस्थेत वाढलेली मुलं सुरुवातीला अन्न लपवतात किंवा कोणाच्याही कडेवर जातात. तो ‘रक्ताचा गुण’ नसतो. पहिले काही महिने भरवणं, आंघोळ आणि झोपवणं तुम्ही दोघांनीच करा, सगळ्या गोतावळ्याने नको. ‘दत्तक’ हा शब्द मूल तीन-चार वर्षांचं असल्यापासून घरात सहज वापरा. शेजारच्या वहिनींकडून कळायला नको.

प्रश्न : क्लासवाले बोटांचे ठसे घेऊन मुलीचा जन्मजात कल सांगतो म्हणतात. सहा हजार मागतात. करावं का?
– एक वडील, दादर

उत्तर : नको. ठशांच्या रेषा गर्भाच्या तिसऱ्या-चौथ्या महिन्यात उमटायला लागतात आणि बारीकसारीक हालचालींनी, दाबाने बदलतात. म्हणूनच जनुकं एकच असलेल्या हुबेहूब जुळ्यांचेही ठसे जुळत नाहीत. डाऊन सिंड्रोमसारख्या काही अवस्थांत हातावरच्या रेषा वेगळ्या दिसतात हे खरं, पण त्यावरून मुलगी गणितात जाईल की गाण्यात, हे निघत नाही. अहवालात ‘सर्जनशील, पण कधीकधी लक्ष विचलित होतं’ असं काहीतरी येईल, आणि ते तुमच्या मुलीला लागू पडेल, शेजारच्यांच्या मुलालाही. दहावीनंतर कल पाहायचाच असेल तर प्रशिक्षित समुपदेशकांकडची प्रमाणित अभिक्षमता चाचणी घ्या आणि चाचणीचं नाव, ती कोणत्या वयासाठी आहे, हे आधी विचारा. क्लासवाले नाव सांगायला टाळाटाळ करू लागले, तर पाकीट खिशातच राहू द्या.