ब्लू लेबल घ्यावी का?

प्रश्न: वडील पंचाहत्तरीचे होताहेत. ते कधीतरी ब्लॅक लेबल व्हिस्की घेतात. ड्यूटी फ्रीमधून जॉनी वॉकर ब्लू लेबल आणायचा विचार आहे. किंमत ब्लॅकच्या कितीतरी पट! एवढे पैसे वसूल होतात का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: चवीच्या हिशेबाने नाही, असं मी स्पष्ट सांगेन. ब्लू लेबल उत्तम आहे. मऊ, मधाळ, शेवटी किंचित धूर. पण ब्लॅकपेक्षा कित्येक पट चांगली ती नाही. ब्लॅकवर १२ वर्षं लिहिलेलं असतं, म्हणजे त्यातली सगळ्यात कोवळी व्हिस्कीही १२ वर्षं ओकच्या पिंपात राहिलेली असते. ब्लूवर वयच नसतं. कायद्याने स्कॉचला, म्हणजे स्कॉटलंडच्या व्हिस्कीला, पिंपात किमान ३ वर्षं पुरतात. ब्लूमध्ये जुनी, दुर्मिळ पिंपं वापरतात असं कंपनी सांगते. पण कोणती नि किती जुनी, हे बाटलीवरून कळत नाही. मला हे खटकतं. पिंपातून दरवर्षी सुमारे २ टक्के व्हिस्की उडून जाते, त्यामुळे जुना माल महाग असणारच, हे मान्य. तरी खोका, क्रमांक घातलेली बाटली आणि नावाचा दबदबा यांचेही पैसे आपणच मोजतो.

वडिलांना धुराचा वास आवडत असेल तर त्याच घराण्यातली १५ वर्षांची ग्रीन लेबल पाहा. तिच्यात ग्रेन व्हिस्की (गहू-मक्यासारख्या धान्याची) नाही, फक्त माल्ट, म्हणजे मोड आणलेल्या जवाची व्हिस्की, आणि चव भरदार. मी तीच आणली असती. मात्र त्यांनी आयुष्यभर ब्लूचंच नाव काढलं असेल, तर ब्लूच आणा, आणि तिच्यात सोडा घालू देऊ नका.