कारखान्याच्या गावाचा इतिहास कुठे शोधू?

प्रश्न: माझे आजोबा वालचंदनगरच्या साखर कारखान्यात फिटर होते. गावाविषयी लिहायचं आहे. सुरुवात कुठून करू?

उत्तर: ताई, आधी जुनं नाव धरा. ही वसाहत इंदापूर तालुक्यातल्या कळंबजवळ वसली. १८८५च्या पुणे जिल्हा गॅझेटिअरमध्ये ‘वालचंदनगर’ शोधत बसाल तर दिवस फुकट जाईल; तेव्हा हे नावच नव्हतं, ‘कळंब’ शोधा. नीरा डावा कालवा आणि १९३२चा साखर उद्योगाला संरक्षण देणारा कायदा, हे दोन धागे आधी समजून घ्या. माळावर ऊस आणि उसामागून कारखाना का आला, ते त्यातून उलगडतं.

मग तलाठ्याकडे जुने फेरफार मागा. कुणाची जमीन कुणाकडे गेली ते तिथे दिसतं. (दोन-तीन हेलपाटे धरूनच चाला.)

पण माझा खरा जीव शाळेच्या जनरल रजिस्टरवर. मी स्वतः अशाच एका गावात मास्तरकी केली. जन्मस्थळाच्या रकान्यात माणसं कुठून कुठून आली ते कळतं, आणि हंगाम संपून आईबाप परतले की मुलं शाळा सोडत, म्हणून ‘शाळा सोडण्याचे कारण’मध्ये गळीत हंगाम संपल्याची तारीखसुद्धा सापडते.

म्हाताऱ्यांना मात्र थेट ‘इतिहास सांगा’ म्हणू नका. भोंगा किती वाजता व्हायचा, एवढंच विचारा.