मेकॅनिकलची नोकरी दीड वर्षात सोडून आयटीत जावं का?

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: मेकॅनिकल केलं, पुण्याजवळ चाकणला गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात क्वालिटीला दीड वर्ष झालं, हिंजवडीच्या आयटी कंपन्यांतले वर्गमित्र जास्त कमावतात, आता आपणही आयटीत जावं का? मी स्वतः भोसरीतल्या एका टूलरूममधून (जिथे साचे आणि हत्यारं बनतात) सुरुवात करून पुढे सिम्युलेशनकडे, म्हणजे संगणकावर भागांची चाचणी घेण्याकडे, वळलो, म्हणून हा प्रश्न मला जवळचा वाटतो.

तुम्ही जे लिहिलंय त्यात शिफ्ट, साहेब आणि तळेगाव चौकातलं ट्रॅफिक भरपूर आहे. प्रत्यक्ष कामाबद्दल मात्र एकच ओळ आहे. आधी नोकरीच्या जागेचा त्रास आणि कामाचा त्रास हे दोन वेगळे करा. साहेब आणि शिफ्ट कंपनी बदलूनही सुटतात, त्यासाठी चार वर्षांचं शिक्षण बाजूला ठेवायची गरज नाही. आणि ट्रॅफिक हिंजवडीतही आहेच.

कामाचं कसं ओळखायचं? ग्राहकाकडून तक्रार आली, बोअर ओव्हरसाइज, म्हणजे भागातलं भोक मापापेक्षा मोठं, निघाला. टूल झिजलं, भाग पकडून ठेवणारं फिक्स्चर हललं की कास्टिंगमध्येच, म्हणजे ओतीव भागातच, खोट आहे, हे शोधताना जेवणाची वेळ टळली तरी तुम्हाला कळत नाही का? तसं असेल तर या क्षेत्रात राहा, कंपनी बदला. नाहीतर निदान त्याच कंपनीत एनपीडी (नवीन उत्पादन विकास) किंवा प्रॉडक्शन इंजिनिअरिंगला बदली मागा. क्वालिटीत नवख्याच्या वाट्याला बहुतेकदा रिपोर्ट भरणंच येतं, तेवढ्यावरून मेकॅनिकलच नको असं ठरवू नका. उलट रोजचा इन्स्पेक्शन रिपोर्ट आपोआप तयार व्हावा म्हणून कुणी न सांगता तुम्ही घरी एक्सेलचा मॅक्रो, म्हणजे छोटा प्रोग्राम, लिहीत बसत असाल, तर तुमचा ओढा खरोखर सॉफ्टवेअरकडे आहे. मित्रांच्या पगारापेक्षा मी या खुणेवर जास्त विश्वास ठेवीन.

ओढा तिकडे असेल तर उशीर करू नका. बहुतेक ठिकाणी तुम्हाला फ्रेशर धरतील, पगार कदाचित आहे तेवढाच राहील. आज डोक्यावर घराचा हप्ता नाही तोवर हे झेपतं. तिशीनंतर फार जड जातं.

फक्त राजीनामा आधी देऊ नका. सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेचा डॅक हा सॉफ्टवेअरचा साधारण सहा महिन्यांचा पूर्णवेळ कोर्स आहे, त्यासाठी नोकरी सोडावी लागते. पण सी-कॅट ही त्याची प्रवेश परीक्षा नोकरी करता करता देता येते. तिचा अभ्यास रोज करवतो की कंटाळा येतो, यावरूनच बरंच कळेल. शिवाय पुण्यात मधली वाटही आहे. केपीआयटी, टाटा टेक्नॉलॉजीज यांसारख्या कंपन्या मुख्यतः वाहन उद्योगासाठी काम करतात. सीएई (संगणकावर डिझाइन तपासणं), पीएलएम (उत्पादनाची सगळी माहिती सॉफ्टवेअरमध्ये सांभाळणं) अशा कामांत मेकॅनिकलचं ज्ञान वाया जात नाही, आणि शॉपफ्लोअरवर, म्हणजे प्रत्यक्ष उत्पादनाच्या जागी, काढलेल्या दीड वर्षाला तिथे किंमत मिळू शकते. मी याच वाटेने आलो, म्हणून माझा कल तिकडे आहे हे लक्षात ठेवून वाचा.

आता कागदपत्रं. जॉइन होताना बाँडवर सही केली असेल तर तो नीट वाचा. ‘बाँडला काही अर्थ नसतो’ असं मित्र सांगतील, ते ऐकू नका. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेचा ‘३ वर्षं नोकरी, नाहीतर २ लाख रुपये’ हा बाँड वैध ठरवला. तुमच्या बाँडची भाषा वेगळी असू शकते, म्हणून रक्कम मोठी असल्यास तो वकिलाला एकदा दाखवा. पीएफ काढून खर्च करू नका. सलग ५ वर्षं सेवा होण्याआधी काढलेल्या रकमेवर कर लागू शकतो, तोच नव्या कंपनीत वर्ग केलात तर जुनी सेवा त्यात धरली जाते. यूएएन, म्हणजे तुमचा पीएफचा कायमचा क्रमांक, तोच द्या. आणि नोटीस पिरियड पूर्ण करून रिलीव्हिंग लेटर हातात घेतल्याशिवाय चाकण सोडू नका, पुढच्या प्रत्येक कंपनीत एचआर तेच आधी मागतं.