तेलाच्या देशांचे अर्थशास्त्र शिकून नोकरी मिळेल का?

सप्रेम नमस्कार.

आपले यजमान कुवेतमधील तेलप्रकल्पावर होते, 2016 मध्ये कंत्राटाचे नूतनीकरण न झाल्याने ते ऐरोलीला परतले, आणि आता बीएच्या तिसऱ्या वर्षाला असलेली मुलगी ‘एवढे तेल असलेल्या देशावर अशी पाळी का येते’ हे समजून घेण्यासाठी अर्थशास्त्रात एमए करायचे म्हणते. त्यावर पोट भरेल का, असे आपण विचारले आहे. भरेल, पण एका अटीवर.

आधी तिच्या प्रश्नाविषयी, कारण तो निव्वळ हौसेचा नाही. जून 2014 मध्ये पिंपामागे 110 डॉलरच्या वर असलेला तेलाचा भाव जानेवारी 2016 मध्ये 30 डॉलरच्या खाली आला आणि ज्यांचा सरकारी खजिनाच तेलावर चालतो अशा आखाती देशांनी खर्चाला कात्री लावली. हे सर्वांना दिसते. भाव चढलेला असताना होणारे नुकसान मात्र सहसा दिसत नाही. नेदरलँड्समध्ये 1959 साली ग्रोनिंगेन येथे नैसर्गिक वायूचा प्रचंड साठा सापडला, निर्यातीमुळे परकीय चलन आले, तेथील गिल्डर हे चलन वधारले आणि जुन्या उद्योगांचा माल परदेशात महाग ठरू लागला. महापे एमआयडीसीतील सुटे भाग निर्यात करणाऱ्या एखाद्या लघुउद्योजकाला डॉलरमागे 85 ऐवजी अचानक 60 रुपये मिळू लागले, आणि कामगारांचे पगार व विजेचे बिल तेवढेच राहिले, तर त्याचे जे होईल तेच तेथे झाले. या प्रकाराला 1977 पासून ‘डच (म्हणजे नेदरलँड्सचा) आजार’ म्हणतात. नायजेरियातही खनिज तेल आल्यावर भुईमूग आणि पामतेलाची निर्यात मागे पडली. शिवाय कारखानदारी जितक्या हातांना काम देते तितके तेलविहीर देत नाही.

तरीही हे अटळ नाही. नॉर्वेने 1990 मध्ये कायदा करून तेलाच्या उत्पन्नासाठी निधी उभारला आणि तो पैसा परदेशात गुंतवला, त्यामुळे देशातील चलन व महागाई आटोक्यात राहण्यास मदत झाली. बोट्स्वानाने हिऱ्यांच्या उत्पन्नातून शाळा आणि रस्ते उभारले, मात्र अलीकडे प्रयोगशाळेत घडवलेल्या हिऱ्यांनी (त्यांपैकी पुष्कळ आपल्या सुरतेचे!) त्यालाही अडचणीत आणले आहे.

ही गुंतागुंत उलगडणाऱ्यांची गरज बँकांच्या संशोधन विभागांना, पतमानांकन संस्थांना आणि आयात-निर्यात कंपन्यांना असते. एमएनंतर यूपीएससीची भारतीय आर्थिक सेवा आणि रिझर्व्ह बँकेच्या संशोधन विभागाची परीक्षाही देता येते.

अट गणिताची आहे. गोरेगावची इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था किंवा पुण्याची गोखले संस्था अशा ठिकाणी कलन (कॅल्क्युलस) आणि संख्याशास्त्र आल्याशिवाय निभाव लागत नाही, आणि बीएच्या अनेक विद्यार्थ्यांनी दहावीनंतर गणिताचे पुस्तक उघडलेलेच नसते. मुलीने अकरावी-बारावीच्या गणितातील ही प्रकरणे आताच सोडवायला घ्यावीत. दोन-तीन महिन्यांत त्यात गती आली तर प्रवेश परीक्षांचे अर्ज भरावेत, न आली तर ग्रामीण विकास किंवा लोकप्रशासन या विषयांतील पदव्युत्तर अभ्यासक्रमांचा विचार करावा.

कळावे.