‘यजमान पेशी’ : न बोलावता आलेल्याचा यजमान कसा?

डेंग्यूविषयीच्या लेखात ‘यजमान पेशी’ हा शब्द वाचून एका वाचकाने विचारले आहे की, विषाणू आगंतुकासारखा घुसतो, मग त्याने ग्रासलेल्या पेशीला ‘यजमान’ म्हणणे विसंगत नाही का, आणि त्याऐवजी ‘पोशिंदा’ हा शब्द बरा नाही का.

पाहुण्याचे स्वागत करणारा तो यजमान, हा आजचा रूढ अर्थ धरला तर आक्षेप रास्त आहे. मात्र हा शब्द मूळचा ‘यज्’ धातूपासून झालेला. स्वतःसाठी यज्ञ करवणारा आणि त्याचा खर्च सोसणारा, तो यजमान. मंत्र यज्ञ चालवणाऱ्या ऋत्विजांचे, साहित्य आणि दक्षिणा यजमानाची. पेशीची स्थिती या जुन्या अर्थाशी बरीच जुळते. डेंग्यूचा विषाणू आत आणतो तो मुख्यतः आरएनएचा एक धागा, म्हणजे निव्वळ आज्ञापत्र. ते वाचून प्रथिने बनवणारे रायबोसोम, लागणारी ऊर्जा, प्रथिनांसाठीची अमिनो आम्ले आणि नव्या विषाणूंच्या वेष्टनासाठीचा मेद हे सारे पेशीच्या पदरचे असते. त्या धाग्यावरून तयार होणाऱ्या एकाच लांब प्रथिनसाखळीचे तुकडे होऊन विषाणूची १० प्रथिने बनतात, आणि त्यांतले काही छेदही पेशीचीच विकरे (एन्झाइम) देतात. यज्ञाचे फळ तेवढे यजमानाला मिळत नाही, एवढाच काय तो फरक.

‘न बोलावता’ हे विशेषणही तपासून घ्यावे. विषाणू पेशीचे आवरण फोडून आत शिरत नाही. तो पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राहींना, म्हणजे विशिष्ट रेणू पकडणाऱ्या प्रथिनांना वगैरे, चिकटतो, आणि बाहेरचे पदार्थ आत घेण्याच्या नेहमीच्या रीतीने पेशी त्याला एका पुटिकेत, म्हणजे पटलाच्या इवल्या पिशवीत, ओढून घेते. पुटिकेतील आम्लता वाढली की विषाणूच्या वेष्टनावरील ‘ई’ प्रथिनाचा आकार बदलतो, विषाणूचे वेष्टन आणि पुटिकेचे पटल एकरूप होतात आणि आरएनए पेशीद्रवात उतरते. डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार असल्याने पुढे आणखी विपरीत घडू शकते. एका प्रकाराच्या संसर्गानंतर उरलेली प्रतिपिंडे दुसऱ्या प्रकाराला चिकटतात, पण काही वेळा त्याला निष्प्रभ करू शकत नाहीत. अशा जोडगोळीला प्रतिपिंड ओळखणाऱ्या ग्राहींमार्फत प्रतिकारयंत्रणेतीलच काही पेशी आत घेतात आणि संसर्ग वाढतो. म्हणून ‘विषाणूने प्रतिकारशक्तीवर मात केली’ हे सरसकट वाक्य इथे अपुरे पडते. ते शोभते इंटरफेरॉनच्या, म्हणजे विषाणूविरुद्ध पेशींना सावध करणाऱ्या प्रथिनाच्या, बाबतीत: इंटरफेरॉनचा इशारा पेशीकेंद्रकापर्यंत नेणाऱ्या ‘स्टॅट-२’ या प्रथिनाचा नाश विषाणूचे ‘एनएस-५’ प्रथिन घडवून आणते, आणि त्यासाठीही पेशीचीच विल्हेवाट-यंत्रणा राबवते.

‘पोशिंदा’ हा शब्द मला प्रिय आहे, परंतु तो पट्टकृमीसारख्या, दुसऱ्याच्या अन्नावर पोसल्या जाणाऱ्या परजीवीच्या संदर्भात शोभतो. विषाणू खात नाही, वाढत नाही. तो स्वतःच्या प्रती करवून घेतो. ‘आश्रयदाता’ मध्ये नुसता निवारा येतो, राबणूक येत नाही. तेव्हा ‘यजमान पेशी’ खुशाल लिहावे. पेशी स्त्रीलिंगी आहे म्हणून ‘यजमानीण पेशी’ करण्याचे मात्र कारण नाही.

जाता जाता, डासाला नुसते ‘वाहक’ म्हटल्याने तो एखाद्या दूषित सुईसारखा असल्याचा समज होतो. प्रत्यक्षात विषाणू आधी डासाच्या मध्यांत्रातील पेशींत आपल्या प्रती करवून घेतो, मग इतर ऊतींतून लाळग्रंथींपर्यंत पोहोचतो, आणि याला साधारण ८ ते १२ दिवस लागतात. डासाची स्वतःची आरएनए-आधारित प्रतिकारयंत्रणा त्याला काबूत ठेवते, पण हुसकावून लावू शकत नाही. मादी डास जन्मभर बाधित राहते. त्यामुळे माणसाच्या दृष्टीने डास वाहक असला, तरी विषाणूच्या दृष्टीने तोही यजमानच आहे, आणि ‘डासाला डेंग्यूच्या विषाणूची लागण झाली’ हे वाक्य पूर्णपणे शुद्ध आहे.